वैशाखातली इरली

"झाकाऽऽ! आरं झाका, झाका! आलं बगा डोक्यावर! शके, कुटं मेलीस गं? पानं चालली माजी!"

शकी म्हणजे मी. ही आरोळी आमच्या परड्यातून पहिल्यांदा उठली तेव्हा निम्मं गाव कळशा-घागरी घेऊन आमच्या दारात धावून आलं होतं. लोकांना वाटलं, कडब्याच्या गंजीनं पेट घेतला. एकानं तर रस्त्यात चाललेली पाण्याची बैलगाडी आमच्याकडं वळवली म्हणतात. ती मी पाहिलेली नाही, पण इतकी वर्षं सांगतेय म्हणजे वळवली असणारच. येऊन बघतात तर आग कुठंच नाही. परड्याच्या मधोमध माझे आबा उभे, म्हणजे माझ्या आईचे वडील. गुडघ्यावर धोतर, डोक्याला पटका, दोन्ही हातांत एकेक इरलं, पंख पसरलेल्या गिधाडासारखे. आणि त्यांच्या पायांशी पसरलेला डांगराचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल. शेजारची भागूकाकी, जिची जीभ आमच्या गावच्या बाभळीपेक्षा काटेरी होती, कमरेवरची घागर सावरत म्हणाली, "आवं आबा, आग कुटं हाय?"

आबांनी हनुवटी आभाळाकडं केली. "ती काय वर. इजवा."

ज्यांनी इरलं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कोयनेच्या खोऱ्यात पाऊस एकदा बसला की पाहुणा बसावा तसा बसतो, उठायचं नाव घेत नाही. तिथं भाताच्या लावणीला वाकलेली माणसं पाठीवर इरलं घेतात. कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, कामट्यांचा सांगाडा, त्यावर दाट बसवलेली पळसाची पानं, आणि आकार पालथ्या होडीसारखा. एका बाजूनं बंद, एका बाजूनं उघडं. वाकून काम करणाऱ्याच्या डोक्यापासून कमरेपर्यंत सगळं कोरडं राहतं. आता आमचं गाव कुठं, तर विट्याच्या पलीकडं, जिथं पाऊस आलाच तर दारातूनच हात करून पुढं जातो. आमच्याकडच्या पोरांनी छत्री पाहिली होती ती फक्त नवरदेवाच्या डोक्यावर. अशा गावात, ऐन वैशाखात, माझ्या आबांनी डांगराच्या पानांवर पावसाची इरली घातली होती. लोक हसतील नाही तर काय करतील? मी स्वतः विहिरीवर जाऊन हसून यायचे, घरात हसायची चोरी म्हणून.

तेव्हाचं आमच्याकडचं ऊन आता राहिलेलं नाही. आता सांगलीत माझ्या गच्चीवर हिरवी जाळी बांधलीय, तिच्याखाली कुंड्या, आणि नातू म्हणतो, आजी, काय गं हे ऊन! मी त्याला सांगते, बाळा, हे ऊन नव्हे, ही उन्हाची धाकटी बहीण. आमच्या वेळी वैशाखात कावळा परड्यावरून उडायला लागला की पलीकडं पोचेपर्यंत भाजून निघायचा. भागूकाकी पापड वाळत घालायची ते थेट तळलेलेच उचलायची. रस्त्यावरच्या डांबरात एकदा एका गाढवाचा पाय रुतला तो पंचायतीनं सोडवला. हे सगळं खरं आहे, गाढवाचं जरा जास्त खरं आहे. अशा उन्हात डांगराचं पान, ते हत्तीच्या कानाएवढं, ओलं, मऊ, हिरवंगार पान, दुपारच्याला देठापासून मान टाकायचं ते बघवत नसे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कळशी घेऊन पाणी ओतायला धावले. आबांनी मनगट धरलं. "आता पानी नगं. ती तान न्हवं. त्यो दुपारचा डोळा मिटून पडलाय. मानूस पडतंय की न्हाई? सांजंला उटंल." आणि खरंच, ऊन कललं की एकेक पान चादर झटकावी तसं वर यायचं. पाणी पहाटे घालायचं, बुडाला, न्हाणीचं सांडपाणी दगडी पाटातून वळवून. पण मान टाकणं निराळं आणि भाजणं निराळं, असं आबा म्हणायचे. मान टाकलेलं उठतं, भाजलेलं उठत नाही. म्हणून ती इरली.

हा वेल परड्यात आला कसा, ते सांगायला हवं. आईचं माहेर कोयनेच्या धरणाखाली गेलं. मी लहान होते, मला ते गाव आठवत नाही. आईच्या बोलण्यातून मात्र मी त्या गावात इतक्या वेळा गेले आहे की अंधारातही तिथल्या पाणवठ्याची वाट मला सापडेल. गाव उठलं तेव्हा सगळ्यांनी भांडी नेली, गुरं नेली, दारं-चौकटी उपसून नेल्या. आबांनी भिंत नेली. खोटं वाटेल, पण तिकडं डांगराचं बी शेणात मळून गोवरीसारखं भिंतीला थापून ठेवायची रीत होती, म्हणजे किडा लागत नाही. आबांनी कुऱ्हाडीनं भिंतीचा तेवढा तुकडा शेणासकट कापून घेतला आणि डोक्यावर घेऊन डोंगर चढले. पाणलोटाच्या वरच्या सोंडेवर झोपडी घातली आणि आजीसह तिथंच राहिले. दर साली उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की खाली बुडालेल्या गावातली देवळांची शिखरं, घरांची जोती उघडी पडायची. आबा खाली उतरायचे, गाळात डांगर पेरायचे आणि स्वतःच्या घराच्या जोत्यावर जाऊन बसायचे, पाणी परत चढेस्तोवर.

आजी गेल्यावरही त्यांनी हा नेम सोडला नाही. आदल्या वर्षी असेच जोत्यावर ताप घेऊन पडले. कुणी नाही, काही नाही. शेळ्यांमागच्या एका माणसानं बघितलं म्हणून वाचले. तरी डोंगरावरच राहिले. शेवटी दिवाळीला आई स्वतः जाऊन त्यांना घेऊन आली. तेव्हापासून ते आमच्याकडं होते. पण बापानं लेकीच्या घरी राहायचं म्हणजे काट्यावर बसणं. घरात झोपायचे नाहीत, गोठ्यातच जेवायचे, गोठ्यातच झोपायचे. जेवायच्या आधी काही ना काही काम करून घ्यायचे, म्हणजे फुकटचं झालं नाही. जोंधळ्याची भाकरी मोडताना म्हणायचे, "चांगली हाय गं. पर हिला पाऊस लागल्याला न्हाई." त्यांना नाचणी हवी असायची. वैशाखात पाणी उतरलं की जायचं, हे त्यांचं ठरलेलं होतं, आणि आईला ठाऊक होतं की या खेपेला गेले तर परत येणार नाहीत. आमच्या गावात निम्मे पुरुष फौजेत आणि उरलेले परमुलखात सोनं गाळायच्या भट्ट्यांवर. माझे वडील, तात्या, फौजेत हवालदार. घरात मी आणि आई. पण आईला पुरुषमाणूस हवं होतं म्हणून ती आबांना धरून होती असं नाही. ती एकदा भागूकाकीला म्हणाली, "काकी, तुमचं म्हायेर वाळलं तरी जाग्यावर हाय. माजं पान्यात हाय. मला आता बापच म्हायेर."

म्हणून संक्रांतीनंतर, आबांना न विचारता, आईनं त्यांनी बरोबर आणलेल्या त्या भिंतीच्या तुकड्यातलं बी काढून न्हाणीमागं लावलं. आबा चिडले. "आगं, डोंगरातलं बी हे. थंड वाऱ्याचं. ह्या तव्यावर जगंल व्हय?" आईनं आळ्यात पाणी ओतलं. तिला माहीत होतं की हा माणूस माणसांना सोडून जाईल, पण उगवलेला कोंब सोडून जाणार नाही. गुराला दावं लावावं तसा तिनं बापाला वेल लावला. हे मला तेव्हा कळलं नाही. पण एक दिवस चुलीशी बसून ती म्हणाली, "शके, पानं राख बाई. पानं ऱ्हायली तर आबा ऱ्हातील." तेव्हापासून माझं हसणं बंद झालं.

आबांनी आणलेली इरली दोन, बाकीची त्यांनी इथं विणली. विट्याच्या बाजारातून कळक आणले, पळसाची पानं आणायला ते ओढ्याकाठानं कुठवर जायचे देव जाणे. प्रत्येक इरल्याची पाठ मावळतीकडं, तोंड उगवतीकडं. सकाळचं कोवळं ऊन पानांना मिळावं आणि दुपारनंतरचं तिरपं ऊन पाठीवर अडावं. वेल वाढेल तशी इरली वाढली. लांबून पाहिलं तर वाटायचं, बुटक्या माणसांची एक फौज खाली वाकून आमच्या परड्यात भाताची लावण करतेय. रात्री कुत्री त्यांच्यावर भुंकायची. एकदा भागूकाकीच्या सासऱ्यानं त्यातल्या एकाला रामराम घातला आणि उत्तर आलं नाही म्हणून रागावून गेला.

वैशाखाच्या मध्याला तात्या सुट्टीवर आले. तात्या आले की घराचा आवाज बदलायचा. रेडिओ लागायचा, बुटांच्या टाचा वाजायच्या, गूळ घातलेल्या चहाऐवजी साखरेचा चहा व्हायचा. तात्या वाईट माणूस नव्हते. पण त्यांना हसलेलं सहन व्हायचं नाही. फौजेत कुणी त्यांना हसायची हिंमत केली नव्हती, आणि गावाला ती हिंमत जन्मजात होती. दुसऱ्याच दिवशी दुपारी ते पारावर गेले आणि कुणीतरी तोंड उघडलं, "काय हवालदार, सासऱ्यानं तुमच्या परड्यात लावन धरलीया म्हनं? आमाला बलवा की चिखलनीला!" दुसरा म्हणाला, "त्यास्नी सांगा, पाऊस पाडायचा आसंल तर आमच्या रानात बी पाडा."

तात्या घरी आले ते तांबडेलाल होऊन. आई धुणं घेऊन विहिरीवर गेलेली, आबा पळसाची पानं आणायला ओढ्याला. घरात मी एकटी. तात्यांनी परड्यात जाऊन पहिलं इरलं उचललं आणि कुंपणाकडं फेकलं. मग दुसरं. मी म्हटलं, "तात्या, नगा, आबा म्हनतात...". ते म्हणाले, "लाड करून जवान तयार हुतोय व्हय? येल हाय का नवी नवरी हाय? ऊन खाऊ दे जरा. कडक हुईल." ते बोलणं ऐकायला इतकं खणखणीत होतं की मलाही क्षणभर पटलं. सगळी इरली कुंपणाला ढीग होऊन पडली. महिनाभर सावलीत वाढलेली ती पानं, ज्यांनी दुपारचं ऊन कधी अंगावर घेतलं नव्हतं, उघडी पडली.

आधी ती रोजच्यासारखी माना टाकून पडली. तात्या म्हणाले, "बग, झोपली. उटतील." मग कडा आत वळल्या. मग पानांच्या मधोमध फिकट डाग आले, राख सांडल्यासारखे, आणि ते डाग पसरत गेले. मी विहिरीकडं पळाले. आई आली तेव्हा काही करण्यासारखं उरलं नव्हतं. तरी तिनं धुतलेली ओली लुगडी तशीच वेलावर टाकली. सांज झाली. ऊन कललं, वारा सुटला, शेजारच्या परड्यातली शेवगा-शेवरी हलली. आमच्या वेलाचं एकही पान उठलं नाही.

आबा पानांचा भारा घेऊन आले. भारा खाली ठेवला. उकिडवे बसले, एक पान हातात घेतलं. त्याचा पापडासारखा आवाज झाला आणि चुरा झाला. तात्या शेजारी उभे होते. आता इथं आमच्यातली रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जावयाला सासऱ्यानं टाकून बोलायचं नसतं. जावयाच्या ताटात माशी पडली तर सासऱ्यानं माशीच्या वतीनं माफी मागायची. त्यात आबा जावयाच्या घरात राहणारे, म्हणजे त्यांना आवाजच नव्हता. आबांनी हात झटकले आणि तात्यांकडं न बघता म्हणाले, "ऊन लय हाय औंदा, पावनं."

बस्स, एवढंच. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तात्यांना बरं वाटलं असतं. मी आयुष्यात पुष्कळ माणसांना शिव्या खाताना पाहिलंय, थोड्या स्वतःही दिल्या आहेत. पण तात्यांचा चेहरा त्या एका वाक्यानं जसा उतरला तसा कुठल्या शिवीनं उतरलेला पाहिला नाही. जेवायला बसल्यावर आईनं त्यांना वाढलं, पण तूप वाढलं नाही. सुट्टीवर आलेल्या नवऱ्याला तूप न वाढणं म्हणजे आमच्या घरात तोफ डागण्यासारखं होतं. आणि वाढता वाढता हळूच म्हणाली, "माजं म्हायेर दोनदा बुडालं. एकदा पान्यात, आन् एकदा ह्या परड्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीच्या कंडक्टरनं निरोप आणला. तेव्हा निरोप असेच यायचे, एका कंडक्टरच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात, कोयनानगरहून पाटण, पाटणहून कराड, कराडहून विटा. आबांच्या चुलतभावानं कळवलं होतं: पाणी उतरलंय, जोतं उघडं पडलंय. आबांनी गाठोडं बांधलं. त्यात धोतर, विळा, आणि भिंतीच्या तुकड्यात उरलेलं बी. आईनं भाकरी बांधून दिली. मग ती सोडली आणि म्हणाली, चटणी राहिली. चटणी घातली, पुन्हा बांधली. मग म्हणाली, कांदा राहिला. आबा उंबऱ्यात उभे. "बास कर पोरी," ते म्हणाले. "बी हितं लागत न्हाई, आन् मीबी." आणि एस्टीच्या थांब्याकडं चालू लागले. दुपारची कराडची गाडी यायला पुष्कळ वेळ होता, तरी गेले.

थांबा म्हणजे रस्त्यापलीकडचं लिंबाचं झाड. आमच्या परड्याच्या अगदी समोर. तिथं बसलेल्याला आमचं सगळं परडं दिसायचं, आणि आम्हाला तो. आबा पाठ करून बसले.

तात्या परड्यात उभे होते, वाळलेल्या वेलाकडं बघत. मी जाऊन शेजारी उभी राहिले. मला त्यांचा राग आला होता, आणि मी रागात असले की माझी जीभ भागूकाकीची व्हायची. मी म्हटलं, "तात्या, तुमीच सांगत हुता, राजस्थानात नवा जवान आला की त्याला पयल्या दिशी वाळवंटात उभा करत न्हाईत म्हनून. आडवा पडतोय म्हनून. आधी थोडा येळ, मग जरा जास्ती, मग जरा आनकी. ह्या येलाला काय तुमी जल्मजात सुभेदार समजला हुता?" तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. पण ते खाली बसले आणि वाळकी पानं बाजूला सारत वेलाच्या शेंड्यापर्यंत गेले. शेंड्याला अजून न उघडलेली दोन-तीन पानं होती, तान्ह्या पोराच्या मुठीसारखी मिटलेली, लवेनं भरलेली. ती हिरवी होती. मिटलेली होती म्हणून वाचली होती.

ऊन चढत होतं. तात्या उठले, कुंपणाशी पडलेल्या ढिगातून एक इरलं घेतलं आणि शेंड्यावर ठेवलं. तोंड मावळतीकडं, पाठ उगवतीकडं. बरोबर उलटं.

थांब्यावर आबांनी मान वळवून बघितलं. पुन्हा पाठ केली. पुन्हा बघितलं. तेवढ्यात धुरळा उडवत गाडी आली. कंडक्टर दारात लोंबकळत ओरडत होता, "चलाऽ विटा, कराड, कराड! ओ आबा, चढा, उशीर झालाय!" आबांनी गाठोडं आत दिलं. एक पाय पायरीवर ठेवला. आणि तिथूनच, गाडीच्या दांडीला धरून, त्यांनी आरोळी ठोकली, "तोंड फिरवाऽऽ!"

तात्यांनी कानाला हात लावला. "काय म्हंता?"

"तोंड! उगवतीला करा तोंड!"

तात्यांनी इरलं उचललं, नीट विचार केल्यासारखं केलं, आणि तोंड उत्तरेला केलं.

आबांचा पाय पायरीवरून खाली आला. कंडक्टर म्हणाला, "ओ, गाडी थांबायची न्हाई हं!" "थांबू नगा की मग, कोन म्हंतंय थांबा!" असं म्हणत आबा रस्ता ओलांडून, कुंपणाच्या बाभळकाट्यांतून, पटका काट्याला तसाच सोडून, थेट परड्यात शिरले आणि तात्यांच्या हातातलं इरलं हिसकावून घेतलं.

"आवं हवालदार, अक्कल हाय का डोस्क्यात शेन भरलंय? उत्तरंला काय तुमचा काका ऱ्हातोय? आं? दुपारचं ऊन कुनीकडनं येतंय ते कळत न्हाई, आन् बंदूक कशी चालीवता? काल समदा येल जाळला माजा, आज शेंडाबी जाळाय बसला व्हय? सरका! सरका म्हंतो न्हवं!"

भागूकाकी कुंपणापलीकडं तोंडाला पदर लावून उभी. सासऱ्यानं जावयाला, त्याच्याच परड्यात, एस्टीभर माणसांच्या देखत झाडलं होतं. तात्या ताठ उभे राहिले, टाचा जोडून, अधिकाऱ्यापुढं राहतात तसे, आणि म्हणाले, "चुकलं, मामा." आई कांदा घेऊन दारात आली होती. ती उंबऱ्यावर बसली आणि तोंडात पदर कोंबून हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बापानं तिच्या घरात पहिल्यांदा आवाज चढवला होता.

गाडी उभीच होती. कंडक्टर भला माणूस, त्यानं दोनदा घंटी मारली, तीनदा हॉर्न वाजवायला लावला. माणसं खाली उतरून आमच्या रांजणातलं पाणी प्यायली. एका बाईनं पोराचं लंगोट धुऊन वाळत घातलं आणि ते वाळलंही, आमचं ऊन होतंच तसं. आबांनी एकदाही मान वर केली नाही. इरल्याच्या कामट्यांत बोटं घालून ते पानं सारखी करत बसले होते. शेवटी खिडकीतून गाठोडं खाली आलं आणि गाडी गेली.

तात्या तंबू ठोकण्यात पलटणीत एक नंबर होते. वारा कुठला, ऊन कुठलं, तंबूचं तोंड कुठं ठेवायचं हे त्यांना झोपेत कळायचं. त्यांना इरल्याचं तोंड खरंच कळलं नव्हतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी काही सांगितलं असतं असंही नाही. आता तात्याही नाहीत.

त्या सुट्टीत सासरे-जावई रोज परड्यात भांडत होते आणि घरात इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. तात्यांचं म्हणणं, रोज थोडं थोडं उघडायचं. पहिल्या दिवशी चुलीवर चहा उकळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी रेडिओवरच्या बातम्या संपेपर्यंत. पुढं आईचं दळण होईपर्यंत. आबांचं म्हणणं, बातम्या लय लांबत्यात, पान गरम व्हतंय. मग दोघं पानावर हात ठेवून बघायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. वेलाच्या पेरांवर आबांनी ओला चिखल दाबला, म्हणजे तिथं मुळं सुटतात आणि लांबच्या पानाला जवळून पाणी मिळतं. बुडाशी कडब्याचा पाला अंथरला. जळलेली पानं तात्या काढायला निघाले तर आबांनी हातावर चापट मारली. "ऱ्हाऊ द्या. मेली तरी सावली देत्यात." जावयाच्या हातावर चापट! भागूकाकीनं ती गोष्ट गावभर केली, आणि सांगता सांगता त्या चापटीची काठी झाली.

नवी पानं आली ती मात्र निराळी होती. ती हत्तीच्या कानाएवढी नव्हती. तळहाताएवढी, जाड, कानशीसारखी खरखरीत, देठ आखूड. आबा त्यांच्यावरून बोट फिरवत बसायचे. "ही आमच्यातली न्हवंत," ते एकदा म्हणाले. मग पान उलटं करून बघत, "बी तर तेच हाय." मला त्या वेळी वाटलं होतं की ते खट्टू झालेत. आज, माझी एक मुलगी परमुलखात आणि तिची पोरं तिथल्या बोलीत माझ्याशी बोलतात तेव्हा, मला ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवतं आणि आबा खट्टू होते की आणखी काही, ते मला अजून ठरवता येत नाही. एवढं खरं की त्यानंतर भर दुपारी सगळी इरली बाजूला काढलेली असत आणि पानं मान टाकून, मान उचलून, आपलं आपण निभवत. इरल्यांखाली फुलांना मधमाशी सापडत नव्हती, ती आता सापडली, आणि फुलांच्या पोटाशी गोळे धरायला लागले. म्हणजे तात्यांचं निम्मं खरं होतं. पण हे आबांच्या देखत बोलायची आमची छाती नव्हती.

त्या वेलाला जी डांगरं धरली त्यातलं पहिलं एवढं मोठं झालं की ते परड्यातून घरात आणायला दाराची चौकट काढावी लागली. बरं, चौकट नाही काढली, पण तिरकं करून आणावं लागलं. तात्या सुट्टी संपवून केव्हाच परत गेले होते. भादव्यात आईनं त्या डांगराचे घारगे केले, गूळ घालून, जाडजूड, वास असा की रस्त्यानं जाणारी माणसं आमच्या दाराशी चपलेचा अंगठा तुटल्याचं सोंग करून थांबत. आबा आता गोठ्यात नाही, सोप्यात जेवायला बसले होते. तिकडं धरणाचं पाणी केव्हाच चढलं असणार, जोतं पुन्हा खाली गेलं असणार.

आईनं कढईतून एक घारगा काढून त्यांच्या ताटात टाकला. हात पदराला पुसले. आणि इतके दिवस ओठांवर आलेलं एकदाचं विचारलं.

"आबा, त्या दिशी गाडी दारात उभी हुती. गेला का न्हाई तुमी?"

आबांनी घारगा मोडला, त्यावर फुंकर घातली.

"एष्टी चुकली," ते म्हणाले.